आतली थप्पी

गिरणीवाल्याच्या दारात सरकारी गाडी थांबली तेव्हा त्याच्या बायकोला वाटलं, आता गिरणीही गेली. लढाई सुरू झाल्यापासून सरकार दारात आलं की काहीतरी घेऊनच जायचं. पण राजधानीचे साहेब त्या दिवशी द्यायला आले होते. विभागाचा धान्य अधिकारी म्हणून त्यांनी गिरणीवाल्याला नेमलं.

"आधीच्या अधिकाऱ्यांचं काय झालं?" बायकोनं विचारलं.

"बदली," साहेब म्हणाले आणि चहा फुंकत राहिले.

ते गेल्यावर ती म्हणाली, "जन्मभर पिठानं पांढरे झालात, आता शाईनं काळे व्हायची हौस आलीय का?"

"अगं, लोकांचा विश्वास आहे माझ्यावर."

"तेच तर. त्याचीच भीती वाटते."

माणसाचं मनही मोठं विचित्र, देवा! अपमान दारात आला तर ते आतून कडी लावतं. मान आला की ओळखपाळख न विचारता घरात घेतं.

दुसऱ्या दिवशी गोदामाचा ताबा घ्यायचा होता. छताला भिडलेल्या पोत्यांच्या थप्प्या पाहून गिरणीवाल्याचा ऊर भरून आला. साहेबांनी त्याच्या हातात परखी दिली. ही टोकदार पोकळ सळई पोत्यात खुपसली की आतले दाणे हातावर येतात.

"हवी तिथं खुपसा."

त्यानं पुढच्या रांगेत चार ठिकाणी खुपसली. गहू टपोरा, सोन्यासारखा. मागची पोती बघावीत असं क्षणभर मनात आलं. पण गिरणीत त्याची रीतच होती, पोत्याच्या तोंडाशी मूठ घालायची आणि दळायला घ्यायचं. पोतं उपडं करून तळ बघणं म्हणजे गिऱ्हाइकाला चोर म्हणणं. मग सरकारला चोर कसं म्हणायचं? त्यानं सही केली, किल्ल्या घेतल्या.

फाटकाबाहेर सकाळपासून रांग होती. त्यानं हमालांना पोत्यांची पुढची रांग उतरवायला लावली. मागच्या पोत्याला दोघांनी हात घातला, तर ते इतकं अलगद वर आलं की दोघेही मागच्या मागे कोलमडले. गिरणीवाल्यानं पोत्याचं तोंड सोडून कोपरापर्यंत हात घातला.

लाकडाचा भुसा.

पुढचं पोतं, त्याच्या मागचं, त्याच्याही मागचं. सगळीकडे भुसाच. डबा घेऊन आलेली बायको दारातच थिजली.

साहेबांच्या चेहऱ्यावरची रेघही हलली नाही. "पुढची रांग खरी आहे. तेवढी पुरवून पुरवून वाटा."

"आणि ती संपली की?"

"गाड्या येतील."

"कधी?"

साहेबांनी रुमालानं बुटावरचा भुसा झटकला. "दंगा झाला तर फाटकावरचे शिपाई गोळ्या घालतील. तुम्ही 'आहे' म्हणालात तर होणार नाही. आणि 'नाही' म्हणालात, तर गेलं कुठं? ताबा तुमचा, सही तुमची."

"सगळं सोडून मलाच का नेमलंत, साहेब?"

"आधीच्या माणसावर कुणाचा विश्वास नव्हता." त्यांनी टोपी घातली. "निघतो. पुढच्या विभागासाठी चांगला माणूस अजून सापडलेला नाही."

गिरणीवाला फाटकाशी आला. रांगेत सगळ्यात पुढे त्याच्या शेजारची म्हातारी मावशी होती.

"लेका, तू आलास, देव पावला! पण एकदा तुझ्या तोंडून ऐकू दे. आहे ना रे धान्य?"

खरं बोलणं जिभेच्या टोकापर्यंत आलं. दोन्ही बाजूंना बंदुका होत्या, आणि रांगेत बायाबापड्या.

"आहे, मावशी."

मावशीचा सुरकुतलेला चेहरा उजळला. तिनं हातातल्या रिकाम्या पिशवीची घडी घातली. "मग माझं राहू दे आज. घरात थोडं आहे अजून. लेकरंबाळं आहेत त्यांना आधी दे. मी येईन नंतर सावकाश."

ती वळली. तिच्यामागचा लोहार शरमल्यासारखा हसला. "आमचंही भागेल दोनेक दिवस." तोही वळला. मग आणखी एक. धक्काबुक्की नाही, भांडण नाही. भली माणसं एकमेकांसाठी नसलेलं धान्य सोडून घरी चालली होती.

"मावशी!" गिरणीवाला ओरडला. "मावशी, थांब!"

तिला ऐकू गेलं नाही. रांगेतली कडेवर मूल घेतलेली बाई कौतुकानं म्हणाली, "जाऊ द्या हो, ती नाही घ्यायची. स्वभावच आहे तिचा."