एका रकान्यातली रेघ

दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या बाईला सगळे सुईबाई म्हणायचे, आणि त्यात टिंगल कमी, कौतुक जास्त होतं. ज्या शिरा डॉक्टरांना सापडायच्या नाहीत त्या हिला नुसतं बोट फिरवून सापडायच्या. सोळा वर्षांत आपल्या हातून एक नमुना सांडला नाही की एक नाव चुकलं नाही, हे ती दिवसातून दोनदा तरी ऐकवायची. गर्व म्हणा हवं तर. पण कामाचा एवढाही गर्व नसेल, तर बाईने दुसऱ्याच्या लेकराच्या हातात सुई खुपसावी तरी कशाला?

थोरल्या भावाचा मुलगा तिला सुईआत्या म्हणायचा. वय वर्षं तीन. जन्मला तेव्हा असा काही गुटगुटीत, की नावच पडलं भोपळ्या. सहा महिने सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं. सातव्यात कान फुटला, नवव्यात छाती भरली, आणि तिथून पुढे छातीने आणि पोटाने जणू पाळ्या वाटून घेतल्या. खोकला थांबला की जुलाब, जुलाब थांबले की खोकला. तिसऱ्या वर्षी भोपळ्याच्या बरगड्या मोजता यायच्या, पण नाव काही कुणी बदललं नाही.

या सगळ्याचं खापर फुटलं वहिनीच्या डोक्यावर. आजीचं म्हणणं, बाटल्या नीट उकळत नाही. भावाचं म्हणणं, पोराला फरशीवर सोडतेच कशाला. सुईआत्याही काही मागे नव्हती. दवाखान्यात काम करते म्हटल्यावर तिला तर बोलायचा परवानाच. तिने एकदा वहिनीला शाळेतल्यासारखी नखं दाखवायला लावली होती. वहिनी बिचारी पाणी उकळून उकळून अर्धं करायची, चारचारदा फरशी पुसायची, औषधाच्या साबणाने तिच्या हातांची सालं निघाली होती, आणि तरी पोरगं आपलं आजारीच.

त्या आठवड्यात त्याला चौथ्यांदा न्यूमोनिया झाला आणि त्याला याच दवाखान्यात भरती केलं. नेहमीचे मुलांचे डॉक्टर रजेवर होते. त्यांच्या जागी आलेल्या डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पोट दाबून पाहिलं, मग घशात बॅटरी मारली आणि बराच वेळ तशाच बघत राहिल्या. याच्या टॉन्सिल्स कधी काढल्या, असं त्यांनी विचारलं. वहिनी म्हणाली, काढल्याच नाहीत. त्यांनी पुन्हा बॅटरी मारली. एवढ्या खोकणाऱ्या पोराच्या घशात दोन्ही बाजूंना सुजलेल्या गाठी दिसायला हव्यात, तिथे सगळं सपाट होतं. बाईंनी एक तपासणी लिहून दिली आणि ती आजच्या आज हवी म्हणाल्या.

तपासणी होती ती जंतूंशी लढणाऱ्या रक्तातल्या प्रोटीनची. रक्त सुईआत्यानेच काढलं, यंत्रात तिनेच लावलं. निकाल आला आणि तिने चष्मा पुसला. यंत्राने आकडाच दिला नव्हता. मोजता येणार नाही इतकं कमी, एवढंच लिहिलं होतं.

असं काही दिसलं की आधी नमुन्यावर संशय घ्यायचा, माणसावर नाही, हा लॅबमधला पहिला धडा. नव्या मुलींकडून तो तिनेच घोकून घेतलेला. तिने यंत्र धुतलं, नमुना परत लावला. परत तेच. मग तिने दातांनी पट्टा ओढून स्वतःच्या डाव्या दंडाला बांधला, स्वतःचं रक्त काढलं आणि दोन्ही नळ्या शेजारीशेजारी लावल्या. तिचा आकडा आला, चांगला ठणठणीत. भोपळ्याच्या नळीपुढे पुन्हा तेच. यंत्र बरोबर होतं, नमुना बरोबर होता, आणि तीन वर्षांचं पोर जंतूंच्या जगात अंगावर काहीच नसल्यासारखं वावरत होतं. सुईआत्या मटकन स्टुलावर बसली.

आणि मग तिला मागचं वर्ष आठवलं.

कपाटातून तिने जुनी कामाची वही ओढली. पान सापडायला वेळ लागला नाही. अकरा महिन्यांपूर्वी जुलाबांसाठी सलाईन चालू असताना भोपळ्याचं रक्त तपासलं होतं, साधीच तपासणी. रक्तातल्या प्रोटीनचे मोठे हिस्से दोन, अल्ब्युमिन आणि ग्लोब्युलिन, आणि जंतूंशी लढणारा सगळा माल दुसऱ्या हिश्शात. तो दुसरा हिस्सा तेव्हाच जेमतेम होता. आकड्यावर लाल रेघ होती आणि पुढे तिच्याच टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, ‘नमुना पातळ’. म्हणजे सलाईनचं पाणी मिसळलंय, धरू नये.

नियम असा की पातळ नमुना टाकायचा आणि रक्त परत काढायचं. सोळा वर्षं तिने तो पाळला होता. पण त्या दिवशी जुलाबांनी शिरा बसल्या होत्या, पोराला तीनदा टोचून झालं होतं, रडून रडून ते काळंनिळं पडलं होतं, आणि ‘सुईआत्या, नको’ म्हणत तिच्याच गळ्यात पडलं होतं. परक्याचं असतं तर तिने चौथ्यांदा टोचलं असतं, डोळ्याची पापणीही लवली नसती. इथे तिला कीव आली. तिने रिपोर्टच्या त्या रकान्यात आडवी रेघ मारली आणि बाकीचे आकडे पाठवून दिले. आडव्या रेघेबद्दल कोण विचारतंय? कुणीच विचारलं नाही.

आता तिने त्याच पानावर अल्ब्युमिनचा आकडा पाहिला. तो अगदी हवा तसा होता. अगं बाई, पाणी मिसळलं असतं तर दोन्ही आकडे उतरले नसते का? एक उतरतो आणि एक जागेवर राहतो, असं कधी पाणी असतं का? हे तिने शिकाऊ मुलीच्या कानीकपाळी ओरडून सांगितलं असतं. स्वतःच्या भाच्याच्या वेळी तिला ते दिसलंच नाही.

वही तिची, अक्षर तिचं. पुन्हा कपाटात गेली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. ती रिपोर्ट घेऊन निघाली तेव्हा वही काखेत होती, पण ती दाखवायचीच असं काही तिने ठरवलं नव्हतं, खोटं कशाला बोला.

वॉर्डात आजी, भाऊ, वहिनी सगळे होते. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला आणि खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी समजेल असं सांगितलं. याचं शरीर जंतूंशी लढणारं प्रोटीन बनवतच नाही. पहिले काही महिने आईकडून आलेलं पुरतं, म्हणून तेव्हा बाळ ठणठणीत दिसतं. ते संपलं की आधी कान, मग फुप्फुस, मग आतडी, जिथे जंतूंना वाट मिळेल तिथे. हे जन्मजात असतं. पुरतं बरं होत नाही, पण दर चार आठवड्यांनी निरोगी माणसांच्या रक्तातलं तेच प्रोटीन सलाईनमधून दिलं तर मूल शाळेत जातं, खेळतं. मात्र डाव्या फुप्फुसाचा खालचा भाग वारंवारच्या न्यूमोनियाने खराब झालाय, तो परत पहिल्यासारखा व्हायचा नाही. वर्षभर आधी कळतं तर बहुतेक वाचला असता.

भावाने विचारलं, जन्मजात म्हणजे कुणाकडून. बाई म्हणाल्या, बहुतेकदा आईकडून मुलाकडे येतं, आईला स्वतःला काही होत नाही, आणि यात तिचा काडीचाही दोष नाही.

शेवटचं वाक्य कुणी ऐकलंच नाही. आजीची नजर वहिनीकडे वळली, भावाची वळली. वहिनी सालं निघालेल्या आपल्या हातांकडे बघत होती. तीन वर्षं घासून घासून जे जाईना ते मुळात तिच्या रक्तातच होतं म्हणे. आजीने बोलायला तोंड उघडलं, आणि सुईआत्याला ते सहनच झालं नाही.

तिने वही उघडून पलंगावर ठेवली.

“वहिनी, हे मला मागच्या वर्षी दिसलं होतं. मी खोडलं.”

मग तिने सगळं सांगितलं, तिसरी सुई, पोराचं रडणं, ती आडवी रेघ, काही गाळलं नाही. भाऊ तिच्याकडे असा बघत राहिला की जणू ही कोण बाई आमच्यात आलीय. आजी पलंगाची कड धरून खाली बसली. डॉक्टरीणबाईंनी वही उचलली, पान वाचलं आणि हलकेच मिटली.

“किती महिने झाले?” वहिनीने विचारलं.

“अकरा.”

वहिनी बोटांवर काहीतरी मोजत होती. त्या अकरा महिन्यांत दोन न्यूमोनिया झाले होते. सुईआत्या वाट बघत उभी राहिली. वहिनीने कानाखाली जाळ काढला असता तरी चाललं असतं, उलट बरंच वाटलं असतं. पण वहिनी नुसती मोजत राहिली.

तेवढ्यात नर्स त्या प्रोटीनच्या पहिल्या सलाईनची बाटली घेऊन आली. तिने भोपळ्याचा एक हात पाहिला, दुसरा पाहिला, पाय पाहिला. शीर कुठेच सापडेना. पोर सुईकडे बघून थरथरायला लागलं आणि त्याने सवयीने आत्याकडे हात पसरले. सुईआत्या दोन पावलं मागे सरकली. आपण आता याला हात लावायचा की नाही, हेच तिला कळेना.

वहिनीने मुलाला मांडीवर घेतलं, त्याचं मनगट घट्ट धरलं आणि ते सुईआत्यापुढे केलं.

“तूच टोच. आणि आज त्याच्या रडण्याकडे बघू नकोस.”

सुईआत्याने हात धुतले, पट्टा बांधला, बोट फिरवलं. शीर सापडली. भोपळ्या ओरडला, ‘सुईआत्या, नको’ म्हणाला. तिचे डोळे भरून वाहत होते, पण हात थांबला नाही.