सर्टिफिकेटाचा कौल

बारावीला भक्ती तारीला बरे गुण पडले आणि तिथूनच घोटाळा सुरू झाला. नापास झाली असती तर आईबरोबर बाजारात सुकी मासळी घेऊन बसली असती आणि पुढे काय करणार, हे कुणी विचारलं नसतं. पास झाल्यामुळे सगळी वाडी विचारू लागली. भक्ती प्रत्येकाला वेगळं उत्तर देत होती, आणि प्रत्येक उत्तर देताना तिला ते खरं वाटत होतं.

ही २००३ सालच्या जुलैतली गोष्ट. होड्या किनाऱ्यावर माडाच्या झापांखाली गेल्या होत्या आणि तिचा बाप भिकाजी दिवसभर घरात होता. समुद्र बंद असला की भिकाजीला घरच्या कारभारात लक्ष घालायची सवय होती. यंदा त्याने मालवणच्या बाजारातून एक मोठी फ्रेम करून आणली. काच, सोनेरी पट्टी, मागे पुठ्ठा, सगळं होतं. आत काही नव्हतं. हायस्कूलच्या हेडमास्तरांच्या घरी त्यांची पदवी टांगली होती, तिचं माप त्याने वितीने घेतलं होतं. फ्रेम पडवीत लागली आणि येणारा-जाणारा विचारू लागला, "भिकाजी, फोटो खंय गेलो रे?"

"येवचो आसा," भिकाजी म्हणे. "माझां चेडू डिगरी घेतला मगे."

डिग्रीची व्यवस्था भिकाजीच्या थोरल्या भावाने केली होती. त्यांना घरात सगळे भाई म्हणत, भक्ती भाईकाका म्हणे. भाईंनी मुंबईच्या एका कॉलेजात बी.एस्सी. आय.टी.ला जागा बघून ठेवली होती. तीन वर्षं त्यांच्याकडे डोंबिवलीला राहायचं आणि शिकायचं. पुतणीला न्यायला ते स्वतः गावी आले होते. "डिग्रीशिवाय जगात कुणी उभं करत नाही," असं ते मुंबईच्या मराठीत सांगत. स्वतः मॅट्रिक नापास होऊन गोदीत सुपरवायझर झाले होते, हे मात्र सांगत नसत.

दुसरी बाजू सर्वेश धुरीची. सर्वेशचं मालवणच्या बाजारात संगणक दुरुस्तीचं दुकान होतं, वर क्लास. भक्ती सुट्टीत तिथे टायपिंग शिकायला गेली आणि महिन्याभरात स्क्रूड्रायव्हर घेऊन बसली, नव्या पोरांना शिकवूही लागली. आता सर्वेश म्हणत होता की इथेच कामाला लाग, काम करता करता हार्डवेअर-नेटवर्किंगच्या परीक्षेला बस, पणजीला सेंटर आहे. "कंपन्या आता डिग्री विचारणत नाय. विचारतत, हातान काय येता?" हे तो ज्या खुर्चीत बसून सांगे, तिच्या मागेच त्याची बी.कॉम.ची पदवी टांगलेली होती.

भक्तीची आई जानकी सर्वेशच्या बाजूने होती. कारण साधं होतं. पोरगी संध्याकाळी घरी जेवायला आली असती.

राहता राहिली भक्ती. संगणक शिकलेल्या माणसाने निर्णय शास्त्रशुद्ध घ्यावा म्हणून तिने दुकानातल्या संगणकावर तक्ता केला. डाव्या रकान्यात डिग्री, उजव्या रकान्यात परीक्षा. पगार, मान, खर्च, नोकरीची शक्यता, प्रत्येकाला गुण. बेरीज डिग्रीकडे गेली. तिला ती पटली नाही, म्हणून तिने "समुद्र" नावाची एक ओळ घातली. बेरीज परीक्षेकडे गेली. तीही पटली नाही, म्हणून "लोक काय म्हणतील" घातलं. अशा ओळी घालत घालत तिने दोन्ही बेरजा अगदी समसमान आणल्या, आणि तक्ता इतका नीटनेटका झाला की ती त्याची छापील प्रत घरी घेऊन आली.

"मगे? काय म्हणता तुझो काँप्युटर?" जानकीने विचारलं.

"दोन्ही बेरजा सारख्याच."

"ह्यां माका आधीच ठावक होतां. सर्वेशाचां लायटीचां बिल फुकट वाढवलंस."

कॉलेजची फी भरायची मुदत दोन दिवसांवर आली. भाईंची तिकिटं काढलेली. तेव्हा भिकाजी म्हणाला, "सातेरीक कौल लावया."

भाईंनी आढेवेढे घेतले, पण फार नाही. होडी कधी उतरवायची, सोयरीक कुठे करायची, हे सगळं त्यांच्या घरात ग्रामदेवी सातेरीलाच विचारलेलं होतं. भाईंची गोदीतली नोकरीसुद्धा. भक्तीने नाक मुरडलं. आतून तिला हायसं वाटलं होतं. तक्त्याने हात वर केल्यावर कुणीतरी जबाबदारी घेत होतं, आणि देवीला जाब विचारायला कुणी जाणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौघं देवळात गेली. दाजी गुरवाने देवीच्या पाषाणाला पाणी घातलं, ओल्या कळ्या डावी-उजवीकडे लावल्या आणि विचारलं, "काय विचारूचां आसा?"

भाई पुढे झाले. "त्याचं असं आहे, दाजी. एकीकडे मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची पदवी, आणि दुसरीकडे इथेच राहून, म्हणजे नोकरी सांभाळून, एक खाजगी..."

"भाई, थांब. देवीक दोन गोष्टी येकदम विचारूक गावणत नाय. ह्यां करूचां काय नको, येवढांच. उजवी कळी पडली तर होय, डावी पडली तर नाय."

शून्य आणि एक, भक्तीच्या मनात आलं. हेच ती क्लासमध्ये पोरांना अर्धा-अर्धा तास फळ्यावर समजावत असे आणि तरी ते कुणाला कळत नसे.

"माका येक शब्द सांगा," दाजी म्हणाला. "गाऱ्हाण्यात बसाक होयो असो."

सगळे भक्तीकडे बघू लागले. शिकलेली तीच होती. "सर्टिफिकेशन," ती म्हणाली.

"सर्टि... काय?"

"सर्टिफिकेशन."

दाजीने दोनदा प्रयत्न केला. दुसऱ्या वेळी तो अडखळला आणि कळ्यांकडे घाबरून बघू लागला. मग भक्तीने, आपण किती सोपं करून सांगू शकतो याचा थोडा अभिमान बाळगून, शब्द तोडून दिला. "सर्टिफिकेट म्हणा, दाजी."

"हां! तसां सांग मगे." दाजीने हात जोडले आणि गाऱ्हाणं घालायला आवाज लावला. "बा देवी म्हाराजा! आज हो भिकाजी तारी तुझ्या पायाशी इलो हा..."

"व्हय म्हाराजा!" तिघं म्हणाली. भक्ती अर्धा क्षण मागे पडली.

"...तेच्या चेडवान सर्टिफिकेट घेवचां असा मनात आणल्यान हा..."

"व्हय म्हाराजा!"

"...तां तेका गावतला, तेच्यात तेचां बरां होयत, तर उजवो कौल दी आणि लेकराची वाट मोकळी कर, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

उजवी कळी पटकन पडली. इतकी पटकन की दाजीलाही बरं वाटलं. नारळ फुटला, खोबऱ्याचे तुकडे हातावर पडले, आणि चौघं हसतमुखाने बाहेर आली. एवढं एकमत त्या घरात बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

ते देवळासमोरच्या तुळशीपर्यंत टिकलं.

"चल, आता सामान बांध," भाई म्हणाले.

"सामान कित्याक?" जानकीने विचारलं. "वाटेत सर्वेशाक सांगान जावया."

"सर्वेशला काय सांगायचं? देवीने डिग्रीचा कौल दिला."

"डिगरी खंय म्हटलो दाजी? सर्टिफिकेट म्हटलो. तां पणजेच्या परीक्षेचां."

"अगं, पण डिग्री मिळाली की हातात काय देतात? सर्टिफिकेटच ना?"

भिकाजीने मान डोलावली. त्याच्या डोळ्यांपुढे सोनेरी पट्टीची फ्रेम होती, आणि तिच्यात मावतं ते सर्टिफिकेट, एवढं त्याच्यापुरतं स्पष्ट होतं.

भक्तीच्या तोंडातलं खोबरं तोंडातच राहिलं. क्लासला नव्याने आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्या दिवशी बजावत असे की एका फोल्डरमध्ये एकाच नावाच्या दोन फायली ठेवता येत नाहीत, म्हणून नाव नीट विचार करून द्यावं. आणि साक्षात देवीपुढे तिने दोन फायलींना एक नाव देऊन टाकलं होतं.

चौघं परत आत गेली. "दाजी, परत लाव," भाई म्हणाले.

"देवी म्हणजे काय टेलिफोनची चौकशी? दिलेलो कौल परत विचारूचो नसता." दाजी कळ्या गोळा करत होता. "आणि माझ्यार कित्याक रागावतास? शब्द कोणी सांगल्यान?"

भक्तीने तोंडातलं खोबरं गिळलं.

"शब्द तुझो, बाय," दाजी भक्तीला म्हणाला. "मनात काय होतां, तां तुका ठावक. देवीन तेकाच होय म्हटल्यान."

म्हणजे फिरून तिच्यावरच आलं. तक्त्यामागे लपून झालं, देवीमागे लपून झालं, आता मागे फक्त भिंत होती. भक्तीला आपल्या मनात उदात्त काहीतरी सापडेल अशी आशा होती. कोकणात राहून कोकणासाठी संगणकक्षेत्रात काही करावं, असं ती मैत्रिणींना सांगत असे. पण मनात डोकावल्यावर पहिली दिसली ती डोंबिवलीची काकू, जी सुट्टीत राहायला गेलं की न्हाणीघराच्या दारावर हाताची थाप मारून पाण्याचा हिशेब विचारत असे. तिच्या मागे होतं दुकानातलं टेबल. नवीन केबलच्या आठ रंगीत तारा ओळीने लावायच्या, टोक दाबून बसवायचं, टेस्टरला जोडायचं आणि दिवे एकामागून एक लागताना बघायचं. एकही दिवा चुकला नाही की भक्तीला त्या दिवशी जेवण गोड लागे. त्यासाठी डिग्री सोडणं शहाणपणाचं होतं का, हे तिला कळत नव्हतं. आणखी एक ओळ घालायला तक्ता हाताशी नव्हता.

"परीक्षेचां," ती म्हणाली. "पणजेच्या."

भाईंनी खिशातली तिकिटं चाचपली. भिकाजी देवीकडे बघून, मग लेकीकडे बघून म्हणाला, "देवीन सांगला, संपला." घरी आल्यावर त्याने फ्रेमच्या काचेवरची धूळ पुसली आणि ती तशीच राहू दिली.

डिसेंबरात भक्ती पणजीला परीक्षेला बसली आणि नापास झाली.

उत्तरं पडद्यावर द्यायची होती आणि निकाल पडद्यावरच लगेच लागत होता, त्यामुळे आशेला जागाच मिळाली नाही. भक्तीला संगणक दुरुस्त करता येत होते, पण मालवणचे. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू गंजतात, विजांच्या दिवसांत मोडेम जळतं, कीबोर्डात मुंग्या आणि मशीनच्या पेटीत पाली घर करतात. मशीन अचानक बंद पडलं तर आधी काय तपासाल, असा प्रश्न आला. दिलेल्या चार पर्यायांत पाल नव्हती. भक्ती बराच वेळ पाल शोधत होती.

परतीच्या एस.टी.त तिचं मतपरिवर्तन झालं. पत्रादेवीचा नाका ओलांडताना तिला डिग्रीतही काही अर्थ असावा असं वाटू लागलं. सावंतवाडीला डिग्रीशिवाय पाया कच्चा राहतो, हे पटलं. कुडाळला गाडी थांबली तोवर ती डिग्रीची इतकी कट्टर पुरस्कर्ती झाली होती की शेजारच्या बाईच्या मुलाला तिने फुकट सल्ला दिला. मालवणला उतरताना भाषण तयार होतं: पुढच्या वर्षी मुंबई, बी.एस्सी., भाईकाकांची माफी.

घरी भिकाजी पडवीत जाळं शिवत बसला होता.

"नापास झालंय," ती म्हणाली. "बाबा, कौल चुकलो. मी पुढच्या वर्सा मुंबयक जातंय."

भिकाजीने सुई खाली ठेवली. "काय चुकलो?"

"कौल."

"देवी चुकता? तू चुकलंस! देवीन सांगला, गावतला. पयल्या फटक्यात गावतला म्हणान सांगलेला? परत बस."

"पण डिगरी तुमकाच होयी होती ना! फ्रेमसुद्दा तुमीच हाडलास."

"होयी होती. आता देवीचो शब्द आसा. तू मुंबयक गेलंस तर वाडीत लोक म्हणतले, तारींच्या घरात सातेरीचो कौल फुकट गेलो. होडी खंयच्या तोंडान उतरवू मी?" त्याने सुई उचलली, परत ठेवली. "आणि डोंबिवली तुका नको होती, तां माका देवळातच कळलेला. भाईकडे मी पण र्‍हवलंय, बाय. येक पावस काढलंय."

"मगे?"

"मगे काय? न्हाणयेच्या दारार थाप पडली की अजून माका जाग येता."

आतून जानकीचं हसणं ऐकू आलं. भक्तीचं भाषण कुडाळच्या स्टँडवर विसरल्यासारखं नाहीसं झालं. दुसऱ्या दिवशी ती दुकानात गेली आणि सर्वेशला म्हणाली, "मालवणात न बिघडणारे भाग शिकूचे आसत." पुढचे महिने ती रोज दुपारी पुस्तकातले आजार पाठ करत बसली, जे तिने कधी कुठल्या मशीनला झालेले पाहिले नव्हते.

मे महिन्यात ती पास झाली. निकाल पडद्यावर आला तेव्हा तिने तो पुन्हा पुन्हा वाचला. वर आपलंच नाव आहे ना, हे तपासत होती.

सर्टिफिकेट टपालाने आलं. भिकाजीने पाकीट उघडलं, उलटं करून हलवलं. आतून एक प्लास्टिकचं कार्ड पडलं, विड्याच्या पानाएवढंही नव्हतं.

"ह्यां?"

"ह्यांच," भक्ती म्हणाली. "खिशात ठेवूचां असता."

"खिशात?" भिकाजीने फ्रेमकडे बघितलं, मग कार्डाकडे. हेडमास्तरांच्या पदवीच्या मापाच्या त्या काचेमागे हे कार्ड म्हणजे पाटावर शेंगदाणा. पण फ्रेम त्याने उतरवली, पुठ्ठा काढला आणि कार्ड चिकटवायला घेतलं.

"मधी लाव," जानकी म्हणाली.

"मधी नको." त्याने ते अगदी खालच्या कोपऱ्यात चिकटवलं आणि फ्रेम परत खिळ्याला लावली. वरची सगळी जागा मोकळी राहिली.

"बाबा, कोपऱ्यात कित्याक?" भक्तीने विचारलं.

"देवीन सर्टिफिकेट गावतला म्हणान सांगला," भिकाजी दोन पावलं मागे सरून फ्रेम सरळ आहे का बघत म्हणाला. "कितकी, तां खंय सांगलेला? आता म्हणे घरी बसान, टपालान पण डिगरी गावता. भाईचो फोन इल्लो."

भक्तीने आईकडे मदतीसाठी पाहिलं.

"माका काय बघतंस?" जानकी म्हणाली. "शब्द तुझो."