धुक्यात वर आलेली सून

खालून पाहिलंत तर मी तुम्हाला दिसणार नाही, मित्रांनो. किनाऱ्यावरच्या चर्चच्या मनोऱ्यात, अगदी वरच्या खणात मी टांगलेली आहे. मी एक जुनी घंटा. वय झालं की आठवणी आणि स्वप्नं एकमेकांत मिसळतात म्हणे. माझंही तसंच होतं. कधी वाटतं, मी अजून वितळलेलीच आहे, लाल आणि पातळ, आणि ओतारी वाकून माझ्याकडे बघतो आहे.

तो ओतारी अबोल माणूस होता. त्याने साचा जमिनीत पुरला होता आणि वस्तीतल्या बायकांनी आपली पिचलेली तांब्याची भांडी आणून दिली होती. एका शिंपिणीने तर बोटातलं अंगुस्तान काढून भट्टीत टाकलं. ओतारी म्हणाला, "बाई, एवढ्याशानं काय होणार?" ती म्हणाली, "असू दे. आवाजात एखादा टाका माझाही."

रविवारी माणसांना उपासनेला बोलावणं, लग्नात हसणं, कुणी गेलं की संथ वाजणं, ही माझी नेहमीची कामं. पण माझं खरं काम धुक्यातलं. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक आहेत. धुकं उतरलं की मासेमारीच्या होड्यांना किनारा दिसत नसे. माझा आवाज कानाने धरून त्या घरी येत.

माझा दोर ज्यांच्या हातात होता त्यांना सगळे घंटेकाका म्हणत. म्हातारा प्रेमळ, पण गुडघे कुरकुरणारे. त्यांचा मुलगा होडीवर जाई आणि सून फाटकी जाळी विणून देई. सून बोलायला तिखट, कामाला वाघीण. पण उंचीचं नाव काढलं की तिचे पाय लटपटत. तिचे वडील कौलं बसवायचं काम करत. लहानपणी त्यांना छपरावरून पडताना तिने पाहिलं होतं. तेव्हापासून ती साध्या स्टुलावरसुद्धा चढली नव्हती. शेजारणी हसत, "हिच्या घरात सगळा संसार कमरेच्या खाली!" घंटेकाका मात्र कधी हसले नाहीत. त्यांनी एक दिवस हातोडी घेतली आणि स्वयंपाकघरातल्या साऱ्या फळ्या गुपचूप खाली आणून ठोकल्या.

मग ती थंडीतली सकाळ आली. पहाटे निघालेल्या होड्या लांब गेल्या होत्या आणि दुधावर साय धरावी तसं समुद्रावर धुकं धरलं. घंटेकाका लगबगीने आले आणि त्यांनी दोर ओढायला घेतला. थोडेसेच ठोके पडले असतील. मग वर, कप्पीपाशी, कित्येक वर्षं घासून घासून पातळ झालेला तो दोर तुटला आणि सगळाच्या सगळा त्यांच्या खांद्यावर येऊन पडला. नवा दोर आणा म्हणून ते चर्चच्या पंचांना सांगून थकले होते. आता बोलण्यात अर्थ नव्हता.

आता कुणीतरी वर येऊन माझ्या पोटातला लोखंडी लोलक हाताने हलवायला हवा होता. पाळकसाहेब शिडी चढून आले खरे, पण माझ्या खणाच्या तळाशी असलेल्या झडपेत त्यांचं पोट अडकलं. महत्प्रयासाने ते परत खाली गेले. वस्तीतले धट्टेकट्टे पुरुष सगळे समुद्रावर. शेवटी घंटेकाकांनीच शिडीवर पाय ठेवला, आणि गुडघा वाकेना.

"मामंजी, पाय खाली घ्या."

सून दारात उभी होती. घंटा मध्येच बंद पडली म्हणून ती जाळं टाकून पळत आली होती.

"तुम्ही पडलात तर यांना काय सांगू मी?"

"अगं, पण मग जाणार कोण?"

तिने वर पाहिलं. झडपेतून मला तिचा चेहरा दिसला, एवढासा, रक्त उतरलेला.

"मी जाते."

"तू?"

"परत विचारू नका, मामंजी. परत विचारलंत तर नाही म्हणेन."

तिने शिडीला दोन्ही हात लावले आणि डोळे मिटले. ती हळू बोलत होती, पण मनोरा पोकळ असतो, कुजबुजही वर येते. "प्रभू येशू, भीती काही जात नाहीये. ती जाईपर्यंत थांबायला वेळ नाही. तिला घेऊनच येते. तू पुढे हो, मी मागून आले."

ती चढू लागली. निम्म्यावर येऊन थांबली. शिडीची थरथर माझ्यापर्यंत पोचत होती.

खालून घंटेकाका म्हणाले, "सूनबाई, खाली बघू नको हं."

"कुठं बघतेय? डोळे मिटलेत मी."

"अगं बाई, मग उघड की!"

त्याही परिस्थितीत ती फसकन हसली. आणि हसण्याच्या त्या झटक्यात आणखी चार पायऱ्या वर आली.

झडपेतून आत आल्यावर ती फळ्यांवर पालथी पडून राहिली. मग उठली आणि माझ्या गार अंगाला तिने गाल टेकला. तिचं काळीज माझ्या आत धडधडू लागलं. चारी खिडक्यांत धुकं दाटलं होतं. खाली जमीन नाही, वर आभाळ नाही. आम्ही दोघी एका पांढऱ्या झोपेत तरंगत होतो. तिने लोलक पकडला आणि मारला.

"त्यांना ऐकू जातंय का हो?" तिने ओरडून विचारलं.

"ते आपल्याला कळायचं नाही, पोरी. ऐकतायत असं धरून वाजव!" खालून घंटेकाका ओरडले.

मग ती वाजवत राहिली. एकेका ठोक्याला एकेका माणसाचं नाव घेऊ लागली. नवऱ्याचं घेतलं, चुलत दिराचं घेतलं, तिला हसणाऱ्या शेजारणींच्या घरधन्यांची घेतली. नावं संपली की पुन्हा पहिल्यापासून. हात सोलवटले तेव्हा पदर गुंडाळून वाजवलं. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. धुक्यात वेळही दिसत नाही.

अखेर खालून आरोळी आली. पहिली होडी लागली होती. मग दुसरी, मग एक खडकाला घासून आलेली, पण माणसं धड. सर्वांत शेवटी तिच्या नवऱ्याची.

तिला उतरवायला तोच वर आला.

"बाबा संथ वाजवतात," तो म्हणाला. "आज घंटा नुसती ओरडत होती. तू मला जेवायला हाक मारतेस ना, तशी."

"म्हणून वळलात होय?"

"न वळून सांगतो कुणाला!"

ती हसता हसता रडायला लागली, आणि तो तिच्या सोललेल्या हातांवर फुंकर घालत बसला.

नवा दोर आला. शेजारणी लाजल्या, आणि तिच्यासाठी मऊ सुताचे हातमोजे विणून घेऊन आल्या. पुढे घंटेकाका थकल्यावर माझा दोर तिच्याकडेच आला. कप्पीला तेल घालायला ती दर मोसमात वर येई. कुणी विचारलं, "भीती गेली ना आता?" तर म्हणे, "कुठली जाते! पण पूर्वी ती पुढे असायची आणि मी मागे. आता माझ्यामागून येते."

ती गेली त्या दिवशी मी फार संथ वाजले.

आता धक्क्यावर विजेचा भोंगा आहे, होड्यांवर बोलणारी यंत्रं आहेत. माझ्या अंगावर हिरवं चढलंय, कबुतरं खुशाल घरटी बांधतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण कप्पी सुकली आहे आणि दोर पुन्हा एका जागी विरला आहे. मित्रांनो, तुमच्या वस्तीत अशी एखादी घंटा असेल तर तिच्या दोरावरून एकदा हात फिरवून बघा. विरला असेल तर कुणीतरी बघेल म्हणून सोडून देऊ नका. वीज जाते, यंत्रं मुकी होतात, आणि धुकं काही सांगून येत नाही.