मुलाखतीला बसलेला पडदा

मी पडदा. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात तपासायच्या खाटेपुढे टांगलेला असतो ना, तोच मी बोलतोय. बाहेरच्या बाकावर बसून तुम्ही कितीदा नंबराची वाट बघितली असेल, पण माझ्याकडे कधी धड बघितलं नाहीत. बरोबरच आहे तुमचं. पडद्याकडे कोण बघतं? सगळ्यांचे कान पडद्याआड काय चाललंय तिकडे.

माझं कापड आणलं होतं एका नाटकगृहासाठी. किरमिजी, जाड, अंगाला भार असलेलं. शिंप्यानं रंगमंचाचा मोठा पडदा शिवला आणि उरलेला तुकडा कोपऱ्यात टाकून दिला, तो मी. थोरला भाऊ टाळ्या ऐकायला गेला आणि मी आलो खोकला ऐकायला. बाईंनी मला दवाखान्यात आणलं तेव्हा कंपाउंडरकाका कमरेवर हात ठेवून म्हणाले, "बाई, यात पेशंट तपासायचे की तिकिटं विकायची?"

"जाड आहे हो काका. आरपार दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मला एवढंच हवं होतं."

ते खरंच होतं. दवाखाना म्हणजे आतली एक खोली, बाहेरची एक खोली आणि मधे नुसती चौकट. दार काही घरमालकानं शेवटपर्यंत बसवलं नाही. म्हणजे दार म्हणा, भिंत म्हणा, अब्रू म्हणा, सगळं मीच. मला ओढून घेतलं की आतलं माणूस सुस्कारा टाकायचं. बाहेर मिशीला पीळ देणारे आत येऊन सुईला बघून डोळे मिटायचे. हसू यायचं मला, पण पडद्याला हसता येत नाही, फार तर वाऱ्यावर हलता येतं.

बाईंच्या मनात मात्र लग्नाच्या आधीपासून एक गोष्ट घर करून होती. परदेशी जायचं आणि तिथे फॅमिली डॉक्टर म्हणून काम करायचं. त्यांची मैत्रीण तिकडे आधीच गेली होती. ती फोनवर सांगायची, इथे एकेका माणसाशी पोटभर बोलायला मिळतं, आजीपासून नातवापर्यंत सगळं घर आपलंच. आमच्या दवाखान्यात मात्र बाईंपुढे रांग एवढी, की माणूस 'परवापासून' म्हणेपर्यंत औषधाची चिठ्ठी तयार. "एकदा तरी कुणाचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून औषध द्यायचंय, आई," असं त्या सासूबाईंना म्हणायच्या.

सासूबाई म्हणजे वेगळंच प्रकरण. जीभ तिखट, पण सुनेचा कैवार घेण्यात पहिला नंबर. तिकडच्या परीक्षेत म्हणे खोटे पेशंट समोर बसवतात आणि डॉक्टर त्यांच्याशी कसा बोलतो ते बघतात. मग काय, दवाखाना बंद झाला की सासूबाई खोट्या पेशंट व्हायच्या. लंगडत यायच्या, कण्हत यायच्या, एकदा तर पदर डोळ्याला लावून आल्या.

"काय होतंय, आजी?" बाईंनी विचारलं.

"सून पुस्तकात तोंड घालून बसते, वेळेवर जेवत नाही. त्यानं माझं पोट दुखतं."

"आई! असला आजार परीक्षेत नसतो."

"नसेल. पण औषध आहे. ऊठ आणि जेवून घे."

अशा अभ्यासानं बाई सगळ्या परीक्षा पास झाल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता विमानात बसायचं. पण गाडी अडली ती व्हिसावर. तिकडे काम करायचं तर तिकडच्याच दवाखान्यानं सरकारला लिहून द्यावं लागतं, की हा माणूस आम्हाला हवाय आणि याची जबाबदारी आमची. मोठे दवाखाने उत्तरच देईनात. लहान दवाखाने गोड बोलायचे, बाईंचं तोंडभर कौतुक करायचे आणि शेवटी म्हणायचे, व्हिसाचं तेवढं आमच्याकडून होणार नाही.

"अगं, ही तर चहा पिऊन जाणारी स्थळं झाली," सासूबाई म्हणाल्या. "मुलगी पसंत, घर पसंत, आणि होकार कळवायची वेळ आली की म्हणे मावशी आजारी."

हसता हसता वर्ष सरत आलं. वर्ष संपलं की परीक्षेच्या निकालाची मुदत संपणार होती. मग सगळं पुन्हा पहिल्या पायरीपासून. आता एकच मुलाखत उरली होती, एका लहानशा गावातल्या दवाखान्याची. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, "ही गेली तर मी परत परीक्षेला बसणार नाही. नाही जमायचं आता." सासूबाईंनी चष्मा त्यांच्या हातातून घेतला आणि स्वतःच्या पदरानं पुसून दिला.

आणि इथे माझा नंबर लागला.

त्याचं असं झालं. मागच्या मुलाखतीत लॅपटॉपवरची माणसं बाईंकडे न बघता त्यांच्या मागेच बघत होती. मागे औषधांचं गचाळ कपाट, आणि त्यापुढून कंपाउंडरकाका पेरू खात दोनदा गेले होते. बाईंचे यजमान शाळेत चित्रकला शिकवतात, आम्ही त्यांना मास्तर म्हणतो. त्यांनी जाहीर केलं, "मागे एकरंगी पाहिजे. हा पडदा लावू, काय भारदस्त दिसेल!" त्यांनी मला खाटेपुढून काढलं, इस्त्री केली आणि बाईंच्या खुर्चीमागे कपाट झाकून टांगलं. माझ्या अंगावर ब्लीचिंगचा एक पांढरा डाग आहे, तो त्यांनी चिमटा लावून मागे दुमडला. नवरदेवासारखा सजलो मी. जन्मात पहिल्यांदा लोक माझ्या आड नाही, माझ्याकडे बघणार होते.

दुपारची वेळ. दवाखाना बंद. कंपाउंडरकाका बाहेर पहाऱ्याला. मास्तर एका बाजूला दिवा धरून उभे. आणि सासूबाई? त्यांना घरी बसायला सांगितलं होतं. त्या माझ्या मागे, कपाटाला टेकून, औषधाच्या खोक्यावर पाय पसरून बसल्या होत्या. ओटीत शेंगदाणे. "मी आहे असं समजूच नका," म्हणाल्या.

लॅपटॉपवर दोन माणसं आली. एक वयस्क डॉक्टरीण, पांढऱ्या केसांची, आणि एक व्यवस्थापक, टाय घट्ट बांधलेला. बोलणं त्यांच्या भाषेत. बाई छान बोलत होत्या. मास्तरांचा दिवा आनंदानं थरथरत होता. तेवढ्यात चौकटीत कंपाउंडरकाकांचं डोकं दिसलं. बाईंनी हातानंच थांबा म्हटलं. डोकं गेलं आणि परत आलं. आणि त्या डोक्यामागून एका बाईचं कण्हणं ऐकू आलं.

तरुण बाळंतीण होती. आईच्या खांद्यावर मान टाकून आली होती. तापानं फणफणलेली, दात वाजत होते. तिला काय झालं होतं ते मी सांगणार नाही. पडद्यानं सांगायचं नसतं. एवढंच सांगतो, की कपडे सैल करून लगेच तपासायला हवं होतं. बाहेर तिचा भाऊ, रिक्षावाला, आणखी दोन माणसं उभी. मधे नुसती चौकट. आणि मी? मी मुलाखतीला बसलेलो!

बाईंनी एकदा लॅपटॉपकडे बघितलं. एकदा पोरीकडे.

"काका, तिला आडवं करा," म्हणाल्या. मग त्या दोघांकडे वळून त्यांच्या भाषेत, "माफ करा, माझी पेशंट आलीय." आणि स्टुलावर चढून त्यांनी मला सटासट चिमट्यांतून ओढून काढलं.

काय सांगू तुम्हाला त्या क्षणाचं! माझ्या थोरल्या भावाला असं उघडणं जन्मात जमलं नसेल. मागे गचाळ कपाट, खोक्यावर पाय पसरलेल्या सासूबाई, तोंडात शेंगदाणे. समोर दोन परदेशी माणसं. पण सासूबाई कसल्या गोंधळतात? त्यांनी घास गिळला, हात हलवला आणि आपल्या भाषेत ठणकावून म्हणाल्या, "बसा हां, बसा! येतेच ती!"

बाईंनी लॅपटॉपचं झाकण धाडकन मिटलं.

"अगं, मी चहाचं विचारणार होते त्यांना!"

"आई, पाणी उकळा आधी."

मग सगळे कामाला लागले. मी माझ्या जागी गेलो, इस्त्री चुरगळली, डाग पुढे आला, कुणाला पर्वा होती? आत बाई हळू आवाजात बोलत होत्या, पोरगी रडता रडता उत्तरं देत होती. बाईंनी तिला घाई केली नाही. सगळं बोलून होऊ दिलं. बऱ्याच वेळानं पोरगी आईचा हात धरून चालत घरी गेली, चेहऱ्यावर थोडा रंग आला होता.

बाई हात धुऊ लागल्या. मास्तर दिवा मालवून भिंतीला टेकले. "गेलं," म्हणाले. "तोंडावर झाकण आपटलंस गं त्यांच्या."

"मग काय करू? उघडं ठेवू? ती पोरगी समोर असताना?"

"तसं नाही म्हणत मी..."

"जाऊ दे," बाई म्हणाल्या, पण आवाज ओला झाला होता. "निदान निरोप तरी देते, की माफ करा म्हणून." त्यांनी झाकण उघडलं. लॅपटॉपवर दोन ओळींचा निरोप येऊन पडला होता. मास्तरांनी तो वाचून दाखवला: 'आम्ही कॉफी पितोय. पेशंट झाली की या.'

बाईंनी मुलाखत परत जोडली आणि त्या तशाच समोर बसल्या. केस विस्कटलेले, मागे ते कपाट आणि आता उघड उघड बसलेल्या सासूबाई. मास्तर आईच्या कानात भाषांतर करू लागले.

"पेशंट कशी आहे?" पांढऱ्या केसांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"बरी आहे. घरी गेली."

"काय झालं होतं तिला?"

बाई म्हणाल्या, "ते मला सांगता येणार नाही. तिला विचारल्याशिवाय नाही."

मास्तरांनी कपाळावर हात मारला. "मेलो. नोकरी देणाऱ्यांनाच नाही म्हणाली ही."

तिकडे ती म्हातारी डॉक्टरीण आधी गालात आणि मग खदखदून हसायला लागली. तिनं शेजारच्याला काहीतरी सांगितलं. त्यानं समोरच्या कागदावर एक ओळ खोडली.

"काय म्हणते रे ती?" सासूबाई.

"म्हणते, झाकण मिटलंत तेव्हाच माझा एक प्रश्न संपला होता. दुसरा आत्ता संपला."

"मग घेतात का तिला? ते विचार!"

ते बाईंनीच विचारलं. भीतभीत. व्हिसाचं तुमच्याकडून होईल का? टायवाला डोकं खाजवत बसला. मग म्हणाला, "आम्ही आजवर कुणासाठी केलेलं नाही. कसं करतात तेही माहीत नाही. पण शिकून घेऊ."

मास्तरांनी भाषांतर केलं आणि त्यांचाच आवाज फुटला. सासूबाईंनी उरलेले शेंगदाणे उधळले. कंपाउंडरकाका चौकटीत उभे होते, त्यांच्या डोक्यावर पडले.

शिकायला त्यांनी वेळ घेतला बरं का. किती कागद आले, किती परत गेले. पण मुदत संपायच्या आत व्हिसा हातात आला. सासूबाईंनी त्या गावची थंडी सोसेल असा स्वेटर विणला, उन्हाळ्यात, घाम पुसत. सुनेमागोमाग सगळेच निघणार होते.

आज सकाळी गाडी दारात येऊन उभी राहिली. दवाखाना आता एक नवी डॉक्टर चालवणार आहे, नुकतीच शिकून आलेली, स्वतःच थोडी घाबरलेली. आणि पोस्टातून निवृत्त झालेले एक आजोबा नेमके आजच आले, ते आत जायलाच तयार होईनात.

"मला आपल्या बाईच पाहिजेत. ही पोर माझ्या नातीएवढी."

बाहेरून सासूबाई ओरडल्या, "अगं चल! विमान काय रिक्षा आहे थांबायला?"

खांद्याला प्रवासाची पिशवी अडकवून बाई आत आल्या. आजोबांचा हात धरून त्यांना खाटेवर बसवलं, नव्या डॉक्टरला शेजारी उभं केलं. "आजोबा, हिला सगळं पहिल्यापासून सांगा. ही ऐकून घेते." आणि त्या मागे मागे सरकत बाहेर आल्या आणि त्यांनी मला ओढून घेतलं.

इतक्या वर्षांत पहिल्यांदा बाई माझ्या बाहेरच्या बाजूला होत्या. त्यांचा हात माझ्यावर होता. त्यांनी डोकावून बघितलं नाही. आत नवीन आवाज म्हणाला, "हं, बोला आजोबा, काय होतंय?" आजोबा आधी फुरंगटले आणि मग एकदाचे बोलू लागले. ते बोलतच राहिले. बाहेर बाईंच्या चेहऱ्यावर असं काही हसू पसरलं की काय सांगू. मग हात निघाला. चपला वाजल्या. गाडीचं दार लागलं आणि सासूबाईंचा आवाज गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू येत राहिला.

मी इथेच आहे. रंग उडालाय, पण अजून आरपार दिसत नाही. तेव्हा मंडळी, माझी गोष्ट ऐकलीत, बरं वाटलं. आता जरा मागे सरून बाकावर बसा. आत पेशंट आहे.