गोळ्याची साक्ष

मी गोळा बोलतोय. नाव ऐकून बॉम्ब समजू नका. फुटबॉलही नाही. मी पितळेची एक चपटी चकती आहे, मधोमध चौकोनी भोक असलेली. कातडी पिशवीत राहतो आणि पिशवीला खांद्यावर अडकवायला मोठे कडे आहे. चपट्या वस्तूला गोळा म्हणणे ही रेल्वेतल्या तुमच्याच मराठी माणसांची करामत.

माझा जन्म जपानचा. डोंगरातल्या एका छोट्या एकेरी लाईनसाठी मला ओतले, ठोकले, घासले. एकेरी लाईनवर समोरासमोर दोन गाड्या आल्या की संपले, म्हणून तिथे एक कडक नियम होता. ज्याच्या हातात मी, लाईन त्याची. मी नसेन तर कितीही मोठा ड्रायव्हर असो, त्याने जागचे हलायचे नाही. लाईनवर माणसे कामाला उतरली की मी त्यांच्याजवळ राहायचो, म्हणजे गाडी येण्याची भीती नाही.

तिथली एक रीत मला फार आवडायची. स्टेशनमास्तर मला नुसता देत नसे. माझ्या भोकाकडे बोट दाखवून मोठ्याने बोले, "चौकोन!" ड्रायव्हर मला पाहून तसेच उलट म्हणे आणि मगच गाडी हले. बर्फ पडत असला तरी त्यांनी ही रीत कधी चुकवली नाही. पुढे गावे रिकामी झाली, डब्यात चारदोन म्हातारी माणसे उरली आणि लाईन बंद पडली. माझे भाऊबंद भट्टीत गेले. मला मात्र दोन जुन्या इंजिनांबरोबर कंटेनरात टाकून विकले.

कंटेनर उघडला तो सौदी अरबस्तानातल्या जुबैल बंदराच्या उन्हात. साल दोन हजार तीन. जुबैलहून आत वाळवंटातल्या दगडाच्या खाणीपर्यंत एका कंपनीची मालगाडीची लाईन होती. बर्फाची सवय असलेल्या मला तिथे दुपारी हात लावला तर फोड यायचा.

मला सांभाळायचा तुकाराम. चिपळूणकडचा, हाडापेराने मजबूत, लाईनवर काम करणाऱ्या चौघांचा मुकादम. इंजिन चालवायचा मुस्तफा, रत्नागिरीच्या खाडीकाठचा. त्याच्या बायकोचा, मैमुनाचा धाकटा भाऊ हाशम तुकारामच्याच हाताखाली होता. मुस्तफानेच कफीलच्या, म्हणजे व्हिसा देणाऱ्या अरब मालकाच्या, हातापाया पडून त्याला आणला होता.

पहिली दोन वर्षे छान गेली. मला देताना तुकाराम म्हणायचा, "लाईन मोकळी. माणसं वर घेतली." मुस्तफा विचारायचा, "चारही?" तुकाराम म्हणायचा, "चारही." मला वाटायचे, चला, माझी जुनी रीत इथेही पोचली.

मग बोंबलांवरून भांडण झाले. मुस्तफाने घरून आणलेले सुके बोंबील कॅम्पच्या खोलीत, नेमके तुकारामच्या खाटेच्या वर दोरीला टांगले. सोमवारी तुकारामला वास असह्य झाला आणि त्याने ते उचलून बाहेर फेकले. मुस्तफाने झारा घेऊन त्याच्या कानशिलात हाणला. तुकारामने त्याला भिंतीवर आपटून समोरचा दात पाडला. हाशम मध्ये पडला नसता तर एकाचा जीवच गेला असता. कोकणातली माणसे फणसासारखी म्हणतात, पण ह्या दोघांचे काटेच तेवढे बाहेर राहिले. त्या दिवसापासून बोलणे बंद. तुकाराम मान फिरवून मला पुढे करी, मुस्तफा हिसकावून घेई. मोजणी नाही, विचारणे नाही. हे मला अजिबात पटत नव्हते, पण माझे कोण ऐकतो?

असे चौदा महिने गेले आणि दोन हजार सहाचा जून आला. वाळूच्या वादळाने तीन दिवस थैमान घातले. खाणीच्या यार्डापासून दोन किलोमीटरवर टेकडी कापून लाईन नेली होती. त्या कटिंगमध्ये रूळ वाळूखाली गडप झाले. तिसऱ्या दिवशी वाळू बरीचशी निघाली. दुपारी पाणी संपले, तेव्हा हाशम आणि इतर तिघांना फावड्यांसह तिथेच ठेवून तुकाराम पाण्यासाठी पिकअप घेऊन यार्डात आला. मी त्याच्या खांद्यावर होतो.

यार्डात विनोद वाटच बघत होता. हा यार्डाचा सुपरवायझर, सांगलीकडचा. दगडाने भरलेली गाडी तीन दिवस अडकली होती, जुबैलला जहाज थांबले होते आणि साहेबांच्या फोनांनी त्याचे कान किटले होते.

"गोळा दे," तो म्हणाला.

"माणसं कटिंगात आहेत माझी. आणतो त्यांना, मग देतो."

"भोंगा ऐकून होतील बाजूला. चल, यल्ला."

"ह्या वाऱ्यात भोंगा ऐकू येतो काय? अर्धा तास थांब, विनोद."

विनोदने कडे ओढले. तुकारामने मला पिशवीसकट मुठीत आवळले. पहिला गुद्दा त्याच्या तोंडावर बसला, दुसरा पोटात. तो खाली पडला, पण मूठ सुटली नाही. मग विनोदने भिंतीला टेकवलेली पहार उचलली आणि तुकारामच्या बोटांवर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी अगदी आतून ऐकला. दोन बोटे मोडली तरी उरलेल्यांनी मला धरून ठेवले होते. तिसऱ्या घावाला मी सुटलो. विनोदने शुद्ध हरपलेल्या तुकारामला अवजारांच्या शेडमध्ये ढकलून कडी घातली आणि पिशवीवरचे रक्त चिंधीने पुसले.

मला घेऊन तो इंजिनाकडे चालला तेव्हा मी मनात मुस्तफाला विनवत होतो. बाबा रे, विचार. तुकाराम कुठे आहे एवढे तरी विचार.

मुस्तफाने खिडकीतून हात काढला. मला घेऊन आला विनोद, म्हणजे आज त्या तुकारामचे थोबाड बघावे लागले नाही, ह्या विचाराने त्याचा चेहरा चक्क खुलला. त्याने मला खिळ्याला टांगले आणि गाडी काढली. त्याचा काय दोष? मी हातात आलो की लाईन मोकळी, हेच तो शिकला होता. खोटी साक्ष मी दिली.

कटिंगच्या वळणावर वाळूचा पडदा होता. त्यातून फावडी दिसली तेव्हा अंतर उरलेच नव्हते. मुस्तफाने ब्रेक मारला, चाके किंचाळली. तिघांनी उड्या टाकल्या. हाशम गाडीकडे पाठ करून, तोंडाला फडके गुंडाळून उपसत होता. इंजिनाला हलकासा धक्का बसला. एवढाच.

मुस्तफाने जे उरले होते ते स्वतःच्या हातांनी गोळा केले, चादरीत बांधले आणि इंजिनात घेतले. तिघांनाही वर घेऊन त्याने अख्खी गाडी मागे ढकलत यार्डात आणली. वाटेत तो रडला नाही. माझ्याकडे बघत राहिला.

शेडची कडी कुणीतरी काढली होती. तुकाराम बाहेर भिंतीला टेकून बसला होता, हात फडक्याखाली झाकलेला. मुस्तफा मला कड्याने धरून धावत आला.

"माझ्या मेव्हण्याला मारलंस तू. सुक्या बोंबलांसाठी?"

आणि त्याने मला फिरवून तुकारामच्या कपाळावर हाणले. मी जन्मात कुणाला मारले नव्हते. कातडे फाटले, रक्त माझ्या चौकोनातून वाहिले. तो पुन्हा मारणार तेवढ्यात तुकारामने वार अडवायला हात वर केला. फडके गळून पडले. बोटे नुसत्या चामडीवर लोंबत होती.

मुस्तफाचा हात हवेतच राहिला. बराच वेळ तो त्या बोटांकडे बघत होता.

"कोणी?" त्याने विचारले.

चौदा महिन्यांत त्याने तुकारामला विचारलेला हा पहिला प्रश्न. यार्डातून निघताना त्याने विनोदला असाच एक प्रश्न विचारला असता, तर हाशम संध्याकाळी कॅम्पात चहा पीत बसला असता.

विनोद तेव्हा ऑफिसात लिहीत होता की गोळा रीतसर देण्यात आला. पोलिसांनी आधी मुस्तफालाच नेले. तुकारामने तुटका हात दाखवून जबाब दिला, तेव्हा कुठे तो सुटला. तुकारामची तीन बोटे डॉक्टरांनी काढली. आता लाईनवर वायरलेस आहे आणि मी एका टेबलावर कागद दाबून बसलो आहे. साहेबलोक पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवतात, जुनी जपानी वस्तू म्हणून.

पाहुणे मला उचलून वजन बघतात आणि परत ठेवतात. तुम्हीही कधी आलात तर खुशाल उचला. फक्त एवढे करा, तुमच्या हातात कुणी काही ठेवले तर त्याला विचारा, हे कुणाच्या हातातून आणले. मला विचारता आले नाही. मुस्तफाला येत होते.