शेवटची चार पानं

सन १९३६. अमरावतीच्या एका वाचनालयात दर शनिवारी दुपारी बायकांचं वाचन मंडळ भरायचं. नव्या आलेल्या पुस्तकांपैकी काय वाचावं आणि काय राहू द्यावं, हे सांगायचं काम शकुनकडे होतं.

शकुन गावालगतच्या वडाळीच्या सहदेव माळ्याची मुलगी. बापाचा फुलांचा आणि भाजीचा मळा. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच नवरा गेला, तेव्हा ती माहेरी परतली, सातवीची फायनल परीक्षा पास झाली आणि मुलींच्या शाळेत मास्तरीण झाली. तिचं बोलणं रोखठोक. "ह्या कादंबरीची पहिली साठ पानं सोडून द्या, मग चांगली हाय," असं ती सांगायची. कोण्या मोठ्या हुद्देदाराच्या आठवणी आल्या तर म्हणायची, "ह्यानं सारं आयुष्य साहेबाले सलाम ठोकले, ते वाचून आपल्याले काय भेटते?" बायका हसायच्या, पण पुस्तक तिच्याच सांगण्यावरून न्यायच्या.

महिन्याच्या महिन्याला ती हीच शिफारस पत्रात लिहून अकोल्याला मैनाबाईकडे धाडायची. मैना तिची शाळेतली मैत्रीण. अकोल्याजवळ काळ्या जमिनीचे मोठे शेतकरी असलेल्या भगवंतरावांची ती सून. घर शहरात, माणसं पुष्कळ, आणि वाचणारी ती एकटीच. दुपारी ती शेजारच्या बायकांना जमवून शकुनचं पत्र वाचून दाखवायची. पुस्तकं बडनेऱ्याच्या गाडीनं, कोणी जाणारं-येणारं असलं की त्याच्या हाती जायची.

पौषात मैनाला खोकला लागला. माघात डॉक्टरनं क्षय सांगितला. घरच्यांनी तिची खाट मागच्या अंगणापलीकडे, सरकी साठवायच्या खोलीत टाकली. ताट वेगळं, लोटा वेगळा. चार वर्षांची मुलगी तिच्या दृष्टीस पडू नये म्हणून मधल्या दाराला आतून कडी लावून ठेवली. नवरा उत्तमराव रोज संध्याकाळी उंबऱ्याबाहेर उभा राहून "कसं वाटते?" विचारायचा आणि उत्तर ऐकून निघून जायचा. तो वाईट नव्हता. भ्यालेला होता.

मैनानं लिहिलं, "शकुन, तू धाडलेल्या तिन्ही कादंबऱ्यांत क्षयाची बाई आहे. तिन्हींत ती छान दिसत दिसत मरते. इथं मला घामानं अंगावरचं लुगडं बदलावं लागतं आणि ते कोणी धुवायला नेत नाही. खरं कोणी लिहिलं असेल तर ते धाड."

तसं पुस्तक त्याच महिन्यात पुण्याहून आलं होतं. घाटावरच्या एका क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात सव्वा वर्ष काढलेल्या बाईच्या आठवणी. शकुननं ते एका बैठकीत वाचलं. थुंकीचं भांडं, शेजारच्या खाटेवरच्या बाईची भांडणं, व्हरांड्यातल्या थंडीत डोक्यावर गोधडी घेऊन खाल्लेली अंडी, सगळं त्यात होतं, आणि वाचताना हसूही येत होतं. शेवटच्या प्रकरणात ती बाई ट्रंक भरते, घरी जायला निघते. त्यापुढं चार पानं तिच्या नवऱ्यानं लिहिलेली होती. घरी आल्यावर आठ महिन्यांनी ती वारली. पुस्तक छापलेलं तिनं पाहिलं नाही.

शकुन दोन दिवस ते पुस्तक घेऊन फिरली. मग फुलांची देठं कापायच्या चाकूनं तिनं ती चार पानं शिवणीपासून कापली. पुस्तक बाईचं आहे, ही पानं तिची नाहीत, असं तिनं स्वतःला सांगितलं. सोबत चिठ्ठी लिहिली : "या वर्षी आलेल्या सगळ्या आठवणींत हे सरस आहे. आधी हे वाच."

मैनानं ते तीनदा वाचलं. मग सासूला, पार्बताबाईंना, दाराबाहेर बसवून मोठ्यानं वाचून दाखवलं. पार्बताबाई आधी पदर नाकाला लावून बसायच्या. ट्रंक भरायचं प्रकरण ऐकून त्या रडल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पोरीले तिकडं पाठवा. ते बाई बरी झाली, आपली काहून नाई होनार?" भगवंतरावांना एवढ्या लांब सून धाडणं पसंत नव्हतं, पण बायकोपुढं त्यांचं चाललं नाही. चैत्रात उत्तमराव मैनाला घाटावर सोडून आला.

तिकडून तिची पत्रं यायची. वजन एक शेर वाढलं. मग दोन शेर कमी झालं. मग पत्रं आखूड होत गेली आणि आषाढात बंदच पडली. श्रावणाच्या शेवटी उत्तमरावाचं कार्ड आलं : डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. तुम्हाला बोलावते आहे.

शकुननं शाळेतून चार दिवसांची रजा काढली आणि अकोल्याला गेली. कापून ठेवलेली पानं का कोण जाणे, तिनं सोबत घेतली होती.

खाटेवरच्या मैनाला तिनं आधी ओळखलंच नाही. गालफडं बसली होती, केस कापून टाकले होते.

"बस," मैना म्हणाली. "लांब बस पाहिजे तर."

शकुन खाटेच्या कडेला बसली.

"तिथं एक कोकनातली बाई होती," मैना थांबत थांबत बोलू लागली. "तिले मी त्या पुस्तकातलं सांगून राहिली होती, का पाहा, ही बाई कशी बरी होऊन घरी गेली. तर ते म्हने, घरी गेली अन् मेली. मांगं लिहिलं हाय ना! मी म्हटलं, माह्या पुस्तकात नाई. तिनं तिचं पुस्तक आनून दाखवलं."

शकुनचा हात पिशवीतल्या पानांवर गेला.

"छापखान्याची चूक वाटली मले. मग शिवन पाह्यली. चाकूनं कापलं होतं."

"मी कापलं," शकुन म्हणाली.

"काहून?"

"तू जगावं म्हनून."

मैना खोकली. खोकला थांबायला बराच वेळ लागला.

"इथं पडून असती तर दाराच्या फटीतून पोरीचा आवाज तरी आला असता," ती म्हणाली. "पाच महिने मी तिचा आवाज ऐकला नाई, शकुन. आता ते मले ओळखत नाई. काल दाराआडून मले आई म्हन म्हटलं तं रडाले लागली. हे पाच महिने तू घेतले माह्ये."

"हो."

"रडू नको. रडाची पाळी माही हाय."

शकुननं सोबत आणलेली पानं काढली, तेव्हा मैनानं ती तिला मोठ्यानं वाचायला लावली. शकुननं चारही वाचली. मैनानं डोळे मिटून ऐकली आणि म्हणाली, "त्या नवऱ्यानं बरं लिहिलं. शेवटपर्यंत तिच्याजवळ होता वाटते."

बाहेर उंबऱ्याशी उत्तमराव उभा होता. तो ऐकून अंगणातून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र तो आत आला, खाटेजवळ बसला आणि मैनाचे पाय दाबू लागला.

उरलेले दिवस शकुननं तिला एक नवी कादंबरी वाचून दाखवली. मैनाची एकच अट होती : आधी शेवट सांगायचा. शकुननं शेवट सांगितला, मग पहिल्या पानापासून सुरू केलं. निम्मी झाली तेव्हा रजा संपली. निघताना मैना म्हणाली, "मंडळात सांगजो. दुसऱ्या कोनी करू नये असं."

भाद्रपदात, पोळ्याला उणेपुरे दहा दिवस झाले असताना, मैना गेली.

पुढच्या शनिवारी शकुननं मंडळात उभं राहून सगळं सांगितलं. चाकू, पानं, पाच महिने, काही लपवलं नाही. मंडळाच्या प्रमुख गोदाबाई म्हणाल्या, "वाचनालयाचं पुस्तक तुम्ही असं कापावं हे शोभलं नाही." दुसऱ्या दोघी म्हणाल्या, मास्तरीणबाईंनी केलं ते मायेनंच केलं. शकुनला ते पहिल्या बोलण्याहून जास्त लागलं. शिफारशीचं काम तिनं त्याच दिवशी सोडलं.

सगळ्या गेल्यावर भाजीबाजारातली गंगूबाई मागं थांबली. तिला अक्षरं जेमतेम येत, ती ऐकायला म्हणून यायची.

"बाई, माह्या बहिनीले तेच दुखनं हाय," ती म्हणाली. "घरचे घाटावर पाठवतो म्हनून राहिले. तुमी सांगा, पाठवू का नोको?"

आजवर एवढ्या बायकांना तिनं काय घ्यावं, काय सोडावं ते सांगितलं होतं.

"मले मालूम नाई," ती म्हणाली. "तिनं काय ठरवलं?"

"तिले कोनी विचारलं नाई."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. शकुन गंगूबाईसोबत तिच्या बहिणीकडे गेली. खाटेशेजारी बसून तिनं आरोग्यधामाबद्दल ठाऊक होतं तेवढं सगळं सांगितलं : तिथं काय खायला मिळतं, थंडी किती असते, किती बऱ्या होतात, किती होत नाहीत, आणि घरापासून किती लांब आहे. बहीण शांतपणे ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मी इथंच राह्यतो."

शकुननं मान डोलावली आणि हे तिच्याच तोंडून ऐकावं म्हणून तिच्या घरच्यांना हाक मारली.