डेल्फिनाने रकान्यात काय लिहिलं

आन्सेल्मोच्या गोठ्यात चाळीस गायी, आणि त्यातली एस्त्रेला अशी भवानी, की एकदा तिने दूध काढायच्या यंत्राला लाथ घातली तर ते टेकड्या ओलांडून थेट समुद्रात पडलं आणि तीन दिवस माशांचं दूध काढत बसलं. हे आन्सेल्मो शपथेवर सांगायचा. त्याची पोर डेल्फिना लहानपणी खरं मानायची, मोठेपणी नुसती हसायची.

डेल्फिनाचं मन आकाशात. गावातल्या दोन वर्षांच्या कॉलेजात तिने गणित घोटलं, फिजिक्स घोटलं, ते ताऱ्यांसाठीच. केमिस्ट्री-बायॉलॉजी केली ती गोठ्याच्या कामी येईल, पपाला बरं वाटेल म्हणून. आता पुढची दोन वर्षं मोठ्या विद्यापीठात काढायची, तर फॉर्मवर मुख्य विषय लिहायला हवा. रकाना एकच.

"नीट विचार कर हं," कॉलेजात सल्ला देणाऱ्या मिसेस लिंडक्विस्ट म्हणाल्या. "ज्या दारातून आत जाशील, त्याच खोलीत बसायचं. बाहेरून आलेल्यांना तिकडे दार बदलू देत नाहीत."

नोव्हेंबरचा शेवटचा दिवस. ती फॉर्म भरायला बसली आणि खिडकीतून पपा दिसला. गायीच्या पाठीला धरून कसाबसा उठत होता. आई जाऊन चार वर्षं झालेली. याच्यामागे गोठा कोण बघणार? त्याने कधी विचारलं नाही, म्हणून तर तिला जास्त लागलं. तिने लिहिलं: दुग्धशास्त्र. आणि फॉर्म पाठवून दिला.

एप्रिलात विद्यापीठाचं प्रवेश मिळाल्याचं पत्र आलं. ती धावत गोठ्यात गेली. गोठा रिकामा, झाडून लख्ख.

"पपा! गायी कुठायत?"

"विकल्या. सकाळीच ट्रक आला. एस्त्रेलाने जाता जाता ड्रायव्हरची टोपी खाल्ली." तो हसला, पण खराट्याचा दांडा काही सोडेना. "बघतेस काय अशी? तू चाललीस ताऱ्यांकडे. गायी राहिल्या असत्या तर अर्धा जीव तुझा इथे शेणात. तारेच लिहिलेस ना?"

डेल्फिनाने पत्राची घडी घातली. मग आणखी एक.

"तारेच, पपा. दुसरं काय लिहिणार?"

विषय बदलून मिळेल का, म्हणून मिसेस लिंडक्विस्टनी विद्यापीठाला फोन करून पाहिला. उत्तर तेच.

ऑगस्टपासून डेल्फिना रोज पहाटे विद्यापीठाच्या गोठ्यात धारा काढू लागली. गायी गेल्या तरी आन्सेल्मोला चारला जाग यायचीच, म्हणून तिथूनच फोन करायची.

"आज काय बघितलंस?" एका पहाटे त्याने विचारलं.

"गुरू. त्याचे चार चंद्र, एका रांगेत."

"चारच? माझ्या वेळी सात होते. तीन एस्त्रेलाने चाटून संपवले असणार."

ती हसली. तेवढ्यात शेजारची गाय हंबरली. लांबलचक, कळवळून.

पलीकडे कॉफीचा कप टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. इतक्या थापाड्याची लेक, पण तिला एक थाप सुचेना.

"आवाजावरून पहिलारू दिसतेय, पहिल्यांदाच व्यालेली," आन्सेल्मो म्हणाला. "कास तटतटलीय तिची. आधी कोमट पाण्याने शेक, मग हात लाव."

"हो, पपा."

"हळू हं, पोरी. तिचं काही चुकलेलं नाही."